लेकरू आणि त्याच्यासोबतचं माणूस

तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट या जिल्ह्यात कुणाला नव्याने सांगावी लागत नाही. संती पाण्याला जाते, जाताना रांगतं लेकरू नवऱ्याच्या हवाली करते. गोरोबा विठ्ठलनामात रंगून चिखल तुडवत असतात आणि ते लेकरू त्यांच्या पायाखाली येतं. कीर्तनकार यातून भक्तीची परमावधी सांगतात. पुढे पंढरपुरात विठ्ठल लेकरू परत देतो आणि ऐकणाऱ्यांचा जीव भांड्यात पडतो. पण ऐकायला बसलेल्या बायकांचं मन या गोष्टीच्या पहिल्याच भागात अडकत असणार, असं मला नेहमी वाटतं. घरात मोठी माणसं दोनच. पाणी तर आणायलाच हवं आणि माती मळली नाही तर चूल पेटणार नाही. मधे एक लेकरू, ज्याला बसवलं तिथे बसायचं नसतं. शेजारचं कुणी त्या अंगणात डोकावलं असतं तर?

धाराशिव जिल्ह्यातल्या वाड्यावस्त्यांवर खेळगट कसे सुरू करावेत, हे सांगणाऱ्या या पुस्तकाचा विषय ते शेजारचं कुणीतरी हाच आहे. वर्ष ते तीन वर्षांची लेकरं आणि त्यांना सांभाळणारं माणूस, मग ती आई असो, आजी असो, थोरली बहीण असो की पारावर नातवंड घेऊन बसणारे आजोबा असोत, यांनी आठवड्यातून एकदा-दोनदा ठरलेल्या जागी दीड-दोन तास एकत्र यायचं. लेकरांनी खेळायचं, मोठ्यांनी तिथेच बसायचं. एवढाच हा बेत. धाराशिव, तुळजापूर किंवा उमरगा शहरात ‘प्लेग्रुप’ अशी पाटी आणि भिंतीवर मिकी माउस दिसतो, तिथे लेकरू सोडून घरी यायचं असतं आणि महिन्याची फी भरायची असते. खेळगटात लेकरू सोडून कुणी जात नाही. म्हणून ते पाळणाघरही नव्हे. पाळणाघराची गरज वेगळी आहे, खरी आहे आणि ती या पुस्तकाने भागणार नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

कुणी म्हणेल, गावोगाव अंगणवाडी असताना आणखी हे कशाला? प्रश्न रास्त आहे. एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशातल्या 33 प्रकल्पांत सुरू झाली, त्यांत महाराष्ट्रातलं मेळघाटातलं धारणी होतं. आज अंगणवाडी नाही असं गाव शोधावं लागेल. पण अंगणवाडीत रोज येऊन बसतं, गरम आहार खातं, गाणी म्हणतं ते मूल तीन ते सहा वर्षांचं. सहा महिने ते तीन वर्षांच्या लेकराचा आहार पाकिटांतून घरी जातो. सेविका त्याचं वजन करते, उंची मोजते, मोबाइलवर पोषण ट्रॅकरमध्ये भरते, घरभेटीला जाते. म्हणजे या वयाच्या लेकराची नोंद अंगणवाडीत असते; लेकरू मात्र घरात, रानात नाहीतर आजीच्या कडेवर असतं. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पायाभूत टप्पा धरला तोही तिसऱ्या वर्षापासून. अगदी अलीकडे, 2024 मध्ये, केंद्र सरकारने जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या बालकांसाठी ‘नवचेतना’ हा आराखडा आणला, ही चांगली गोष्ट झाली. पण सेविकेच्या डोक्यावर आधीच किती रजिस्टरं आहेत हे ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना या आराखड्याचं ओझं शेवटी कुणावर पडणार हे कळायला वेळ लागत नाही. खेळगटाने सेविकेचं एकही काम वाढवू नये, हा या पुस्तकाचा आग्रह म्हणूनच मला पटतो. तिला पाहुणी म्हणून बोलवा, तिच्याकडची गाणी घ्या, जमलं तर खोलीची किल्ली घ्या. हजेरी मात्र तिला लिहायला लावू नका.

अंगण ही शाळेची जागा होऊ शकते, हे महाराष्ट्राला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी दाखवलं. 1945 साली बोर्डीला काम सुरू झालं तेव्हा बांधलेल्या बालवाडीत आदिवासी पाड्यांवरची मुलं येईनात. तेव्हा बालवाडीच पाड्यावर गेली. मूल येत नाही याचा दोष त्यांनी मुलाच्या आईबापांवर ढकलला नाही. पुढे 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर हललं आणि तिथे विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छपराखाली आल्या. कारण सहा-सात वर्षांची मुलगी शाळेत यायची तर तिच्या कडेवरचं भावंडही यायचं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरली. या दोघींच्या नावाने आपण भाषणं पुष्कळ करतो. त्यांची कामाची रीत मात्र साधी होती: माणसं जिथे असतात आणि जेव्हा मोकळी असतात, तिथे आणि तेव्हा जायचं.

परदेशातही याची सुरुवात सरकारी आदेशाने झालेली नाही. न्यूझीलंडमध्ये 1941 साली, नवरे युद्धावर गेलेले असताना, वेलिंग्टनच्या कॅरोरी भागातल्या बायकांनी आळीपाळीने एकमेकींची मुलं खेळवायला घेतली. त्यातून उभी राहिलेली प्लेसेंटर नावाची चळवळ आजही आईबापच चालवतात. लंडनमध्ये बेल टुटाएव्ह या आईने 1961 मध्ये ‘गार्डियन’ वर्तमानपत्राला एक पत्र लिहिलं. सरकार बालवाड्या काढत नाही, आम्हीच आमचा गट काढला आहे, अशा अर्थाचं. देशभरातून आयांची उत्तरं आली आणि पुढच्याच वर्षी त्यांची संघटना झाली. तिथली मुलं आपल्या गटातल्या लेकरांपेक्षा थोडी मोठी होती, हवा वेगळी होती, घरंही वेगळी. तरी नड तीच होती.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. आठ तालुक्यांचा हा जिल्हा 2018 पासून देशाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे, आणि त्या यादीमुळे इथे आकडे फार मोजले जातात. आकड्यांत न दिसणाऱ्या दोन गोष्टी खेळगटाच्या कामाला जास्त महत्त्वाच्या आहेत.

पहिली भूकंपाची. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात जवळपास आठ हजार माणसं गेली. सास्तूर, राजेगाव, पेठसांगवी ही नावं तेव्हा सगळ्या देशाने ऐकली. दोन्ही जिल्ह्यांत मिळून 52 गावं नव्या जागी वसवली गेली. नव्या घरांच्या भिंती जीव घेणार नाहीत, हे महत्त्वाचंच होतं. पण जुन्या गावात माळवदाची घरं एकमेकांना खेटून होती, गल्ली अरुंद होती आणि गल्लीतलं लेकरू चार उंबऱ्यांवरून चौघींच्या नजरेत असायचं. नवी गावं आखली ती सरळ रेषेत, रुंद रस्त्यांची, प्रत्येक घर आपापल्या प्लॉटमध्ये सुटं. शहरात जे व्हायला पन्नास वर्षं लागतात ते इथे दोन-तीन वर्षांत झालं. जिचं घर रस्त्याच्या पार टोकाला आहे त्या सुनेला दुपारी बोलायला कुणी नाही आणि तिच्या लेकराला ढकलाढकली करायला जोडीदार नाही. नव्या गावठाणांत खेळगट आधी सुरू करावेत असं या पुस्तकात म्हटलं आहे, त्याचं कारण इथे आहे.

भूकंपाने आणखी एक गोष्ट मागे ठेवली, आणि ती जमेची आहे. घरदुरुस्तीच्या कार्यक्रमात प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने गावातल्याच बायकांना संवाद सहायक म्हणून पुढे आणलं. सिमेंट किती, लोखंड किती, हप्ता कधी, हे बायका घरोघर सांगू लागल्या. तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरला डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने कमी शिकलेल्या बायकांना भारतवैद्य म्हणून घडवलं. म्हणजे गावातल्या साध्या बाईने चार घरं जोडायची, आणि लोकांनी तिचं ऐकायचं, याची सवय या भागाला आहे. खेळगटाला डिग्रीवाली बाई लागत नाही. अशी एखादी बाई लागते.

दुसरी गोष्ट उसाची. कळंब, वाशी, भूम, परंडा या भागांतून दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते आणि नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. अंगावरचं लेकरू आईबरोबर जातं, फडाच्या कडेला कोपीत नाहीतर झोळीत राहतं. थोडं सुटं झालेलं लेकरू आजीपाशी राहतं. साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहं निघाली, पण ती शाळकरी मुलांसाठी. दोन वर्षांचं लेकरू कुणाच्याच यादीत नसतं. त्यामुळे आपल्याकडे खेळगटाचे दोन अवतार होणार. पावसाळ्यात तो आयांचा, आणि दिवाळीनंतर तो आज्यांचा. आजीचा गट वेगळा असतो. ती खाली बसली की उठायला वेळ लावते, तिला गुडघ्यांसाठी भिंतीचा आधार हवा असतो, तीन-तीन नातवंडं एकटीने सांभाळून ती वैतागलेली असते. आणि तिच्यापाशी गाणी, उखाणे, ओव्या आणि कहाण्या यांचा जो साठा असतो तो छापील पुस्तकात नाही. तिला ‘प्रशिक्षण’ द्यायला जाऊ नये. तिला चहा द्यावा आणि गायला सांगावं.

हे सगळं करून लेकराला काय मिळतं? मेंदूच्या वाढीचे टक्के प्रत्येक सरकारी फलकावर लिहिलेले असतात, ते मी इथे लिहीत नाही. दोन अभ्यास मात्र सांगण्यासारखे आहेत. जमैकातल्या किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांत 1986-87 मध्ये सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खुरटलेल्या 129 बाळांचा अभ्यास सुरू केला. त्यांतल्या काहींच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षं दर आठवड्याला तासभर जात. सोबत टाकाऊ वस्तूंची खेळणी नेत आणि आईला लेकराशी कसं खेळायचं, बोलायचं ते करून दाखवत. वीस वर्षांनी पाहिलं तर त्या मुलांची कमाई, ज्यांच्या घरी कुणी गेलं नव्हतं अशा तशाच मुलांपेक्षा सुमारे पंचवीस टक्क्यांनी जास्त होती. तासभराच्या खेळाचा हा हिशेब ऐकून मी आधी शंकेनेच पाहिलं होतं, पण अभ्यास नीट केलेला आहे. दुसरा अभ्यास आपल्या जवळचा, ओडिशातला. तिथल्या 192 गावांत हीच रीत दोन तऱ्हांनी करून पाहिली: काही गावांत घरोघर जाऊन, काही गावांत आया आणि लेकरांना एकत्र बसवून. लेकरांच्या समजेला आणि बोलण्याला दोन्हींचा फायदा जवळपास सारखाच झाला, आणि एकत्र बसवणं कितीतरी स्वस्त पडलं. हे वाचल्यावर मला आपले बचत गट आठवले. बैठकीला बाया येतात, प्रत्येकीच्या मांडीवर एक लेकरू असतं आणि हिशेब होईपर्यंत त्याने गप्प राहावं म्हणून त्याच्या हातात बिस्किटाचा पुडा नाहीतर मोबाइल दिलेला असतो. माणसं जमलेली आहेतच, लेकरंही आहेत, सतरंजीही आहे. खेळगट तिथूनच सुरू होऊ शकतो. पहिलीत जाणाऱ्या मुलांसाठी ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारी अभियानात गावोगाव माता गट झाले, तिथेही आया मुलांना घेऊन एकत्र बसल्या. त्याच्या आधीच्या तीन-चार वर्षांचं तेवढं राहून गेलं आहे.

जागेबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण या विषयावर गोड बोलून भागत नाही. गावात जागा पुष्कळ सापडतात. मारुतीच्या देवळाचा सभामंडप, समाजमंदिर, ग्रामपंचायतीचा हॉल, शाळेचा व्हरांडा, कुणाचा तरी वाडा. पण सभामंडपात गट भरला तर वस्तीवरची बाई येणार नाही आणि आली तर कडेला बसेल. समाजमंदिरात भरला तर गावातल्या काही बाया ‘आमच्या लेकराला सर्दी आहे’ म्हणून घरीच राहतील. तांड्यावरून अर्धा तास चालत कुणी दोन वर्षांचं लेकरू कडेवर घेऊन येणार नाही. पारधी वस्तीला तर निरोपच पोचत नाही. वाड्यात भरला तर तो त्या वाड्याचा गट होतो, आणि वाड्याची मालकीण उदार असली तरी पाहुणचार झाला की यजमान आणि पाहुणे हा भेद आलाच. या पुस्तकाचा सल्ला असा की शाळेचा व्हरांडा किंवा अंगणवाडीची खोली दुपारनंतर मागून घ्यावी, कारण ती जागा निदान कागदावर सगळ्यांची आहे. ते जमत नसेल तर दर महिन्याला जागा फिरती ठेवावी. मला यात एक भर घालावीशी वाटते. पाण्याचा माठ आणि पेले यांची व्यवस्था पहिल्याच दिवशी अशी करावी की कुणाला कुणाकडे मागावं लागणार नाही. दोन वर्षांच्या लेकराला कुणाच्या वाटीत हात घालू नये हे ठाऊक नसतं. ते त्याला कोण शिकवतं, कधी शिकवतं, हे अशा जागी स्पष्ट दिसतं. तिथे मोठ्यांनी हात आवरला तर बरंच काही होतं.

खेळण्यांवर पैसे घालू नयेत. वाट्या, झाकणं, रिकामे डबे, दोरी, चिंध्यांची बाहुली, ज्वारीच्या चिपाडाची गाडी, सुपभर माती, बादलीभर पाणी एवढ्यावर वर्ष निघतं. बैलपोळ्याला कुंभाराकडून चार बैल जास्त आणावेत. एक लाकडी पांगुळगाडा मिळाला तर सोन्याहून पिवळं. उन्हाळ्यात पाणी जपून वापरावं लागतं, त्या महिन्यांत बादलीच्या जागी वाळू चालते. सावध राहायचं ते बारीक दाण्यांपासून. शेंगदाणे, हरभरे, चिंचोके, सोयाबीन आपल्याकडे ओसरीवर पसरलेलेच असतात आणि या वयाचं लेकरू हाताला लागेल ते नाकात नाहीतर तोंडात घालतं. श्वासनलिकेत अडकलेला शेंगदाणा काढायला तालुक्याच्या गावी सोय नसते. गट बसण्याआधी जमीन झाडून घेणं हे पहिलं काम, आणि विहीर, हौद, विजेची बटणं पाहणं हे दुसरं.

सगळ्यांत मोठा धोका मात्र वेगळाच आहे. खेळगट दोन-तीन महिने चांगला चालला की कुणीतरी हौशी काका फळा आणून देतात. मग कुणी इंग्रजी अक्षरांचा तक्ता लावतं. मग आई विचारते, ‘माझं लेकरू कधी लिहायला लागणार?’ तिचा काही दोष नाही. आपण शिकलो नाही म्हणून कोयता धरावा लागला, असं जिला वाटतं तिने लेकराच्या हातात शक्य तितक्या लवकर पाटी द्यायची घाई करणं मला समजतं. तिला उत्तर द्यायचं ते व्याख्यानाने नाही. तिचं लेकरू वाटीतली वाळू डब्यात ओततं, डब्यातली वाटीत ओततं, सांडतं, पुन्हा भरतं, तेव्हा तिला शेजारी बसवून फक्त बघायला सांगावं. हीच बोटं पुढे लेखणी धरणार आहेत. ‘ओत’, ‘भर’, ‘सांडलं’, ‘रिकामं’ हे शब्द तिने त्या वेळी म्हणावेत. तिला ते जमतं. आजवर कुणी तिला त्याची किंमत सांगितलेली नसते.

अनुदानाचंही तसंच. सुरुवातीलाच एखाद्या संस्थेचा किंवा पुढाऱ्याचा पैसा आला की बॅनर येतो, फोटो येतो, उद्घाटन होतं आणि पैसा संपला की गट संपतो. महिन्याला प्रत्येक घरामागे मूठभर शेंगा-गूळ आणि आळीपाळीने झाडलोट, एवढी वर्गणी पुरे. वडिलांना बोलवायचंच. एका खेपेला फक्त बाप आणि आजोबा यांनी लेकरं घेऊन यायचं, असा दिवस या पुस्तकात सुचवला आहे. गावात हसतील. हसू द्यावं.

पुस्तकातला वेळापत्रकाचा भाग वाचताना एक गोष्ट लक्षात घ्यावी. लसीकरणाच्या दिवशी सगळ्या आया एकत्र येतात म्हणून त्याच दिवशी गट धरायचा मोह होतो. तो टाळावा, लेकरू जागा लक्षात ठेवतं आणि सुईची जागा तर नक्कीच. तसंच ‘शुभस्य शीघ्रम्’ म्हणून जूनमध्ये सुरुवात करू नये. मृगाचा पाऊस पडला की बाई रानात असते, तिला गटाची आठवण द्यायला गेलात तर ती तुमच्याच हातात खुरपं देईल. दिवाळीही नको, टोळ्या निघतात. कारखाने बंद होऊन माणसं परत आली की पाडव्यानंतर सुरू करावं आणि पेरणीआधीचे दोन महिने पदरात पाडून घ्यावेत. ऊन कडक असतं, तेव्हा तेवढे दिवस दुपारची वेळ सोडून सकाळी आठला बसावं आणि साडेनऊला उठावं. पहिल्या दिवशी तिघं-चौघं आली तरी पुढच्या आठवड्यात त्याच वारी, त्याच वेळी सतरंजी अंथरावी.